चंद्रकुमारच्या जीपचं दार

नेलपॉलिशची बाटली घरात आली की ती माझी नसते, हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं. लाल बाटली ट्रॅक्टरच्या बोनेटला गेली, चंदेरी बंपरला गेली. आणि एक मोरपंखी बाटली, जी मी गोंदियाच्या बाजारात दुकानं पालथी घालून आणली होती, ती गेली एका बसच्या पट्ट्याला. हातभर बस! मी कडकडून भांडली, तर नवरा म्हणतो, "नखाले कोन पाह्यते? बस तं सारे पाह्यतात." आता अशा माणसाला काय म्हणावं?

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, कोणाला काय वाटायचं ते वाटो. वीरेंद्र. आम्ही मुर्रीला राहतो आणि त्याचं गोंदियात रेडियमचं दुकान आहे. म्हणजे लोकांच्या गाड्यांवर नंबर, देवाची नावं, पोराबाळांची नावं कापून चिकटवायची. दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या सजवायच्या आणि घरी येऊन त्याच गाड्या लहान करून बनवायच्या, हा त्याचा छंद. "चोवीसावा हिस्सा," तो म्हणतो. खरी गाडी चोवीस हात असेल तर ह्याची एक हात. सनबोर्डाचं अंग, कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याचं बोनेट, पेनाच्या रिफिलचा सायलेन्सर. कधी दुकानातून खेळण्यातली चांगली धडधाकट गाडी आणतो, ड्रिलने खालून उघडतो, थिनरने तिचा रंग उतरवतो, पॉलिश पेपरने घासतो आणि मग तिला असा चिखल रंगवतो की जशी आत्ताच धानाच्या बांधीत फसून निघाली. नवी गाडी आणून तिला म्हातारी करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मला पाहायला सालेकश्याला आला तेव्हाही तेच. पोहे खाल्ले, चहा प्याला, माझ्याकडे एकदा पाहिलं न पाहिलंसं केलं आणि उठून अंगणात गेला. तिथे माझ्या बाबांची जुनी राजदूत फटफटी उभी होती. हा तिच्यापुढे उकिडवा बसून विती मोजून राहिला. माझी आई दारातून म्हणाली, "पोरगा पोरीले पाह्याले आला का गाडी घ्याले?" मला इतका राग आला की मी नाहीच म्हणणार होती. पण लग्न झालं, आणि पहिल्या दिवाळीला हा तीच राजदूत तळहातावर घेऊन बाबांपुढे उभा राहिला. सुतळीने बांधलेलं इंडिकेटर, सीटला युरियाच्या पोत्याचं ठिगळ, सगळं जसंच्या तसं. बाबांनी ती उलटी केली, सुलटी केली आणि म्हणाले, "अबे, हे तं माझीच होय." त्या दिवशी मी नेलपॉलिशचा नाद सोडला.

वीरेंद्रचा लहान भाऊ चंद्रकुमार. दोघांत पाच-सहा वर्षांचं अंतर, पण वीरेंद्र जितका घुम्या तितका हा बडबड्या. बाप लवकर गेला, म्हणून वीरेंद्रनेच त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं-आणलं. मोठा झाल्यावर चंद्रकुमारने जुनी कमांडर जीप घेतली आणि गोंदिया, आमगाव, सालेकसा अशा सवाऱ्या मारायला लागला. सवाऱ्या कसल्या, बसायला जागा मिळेल तिथे माणूस, आणि माणसाच्या मांडीवर कोंबडा. जीपला दारं नव्हती ती त्याने मागाहून बसवून घेतली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार काही नीट बसलं नाही. एकदा आपटून लागायचं नाही, दोनदा आपटावं लागायचं. धाड, धाड. मी स्वयंपाकघरात असली तरी समजायची, आला चंदू, आणि चहाचं पाणी ठेवायची. "वहिनी, अंदर फक्कड चाय बनवून राहिली का?" हे बाहेरूनच ओरडायचा, गल्लीला ऐकू जाईल असं.

"भाऊ, माझी कमांडर बनव," हे त्याचं रोजचं टुमणं. वीरेंद्रने बनवायला घेतली पण ती पूर्ण होईना. कारण ह्या चंदूबाबाचं चित्त ठिकाणावर नाही. इकडे वीरेंद्रने मागची नावाची पाटी रंगवली की तिकडे चंदू खऱ्या जीपला दुसरी पाटी लावून आणायचा. आज पडदे, उद्या लाल बल्ब, परवा घोड्याच्या शेपटीसारखे काळे गोंडे. वीरेंद्र वैतागून म्हणायचा, "पहिले तू थांब बावा एका जागी, मंग मी पूरी करतो." आणि दोघं हसायचे.

चार वर्षं झाली. सालेकश्याच्या पुढे जंगलातलं वळण आहे, तिथे तो रिकामी जीप घेऊन परत येत होता. समोर रानडुक्कर आलं. त्याने जीप वळवली, ते दार उघडलं आणि तो बाहेर फेकला गेला. जीप जाऊन झुडपात थांबली. तिला साधा ओरखडा नाही.

आम्ही जातीचे कोहळी. आमचं मूळ गाव अर्जुनी मोरगावकडे, आणि तिथला तलाव आमच्याच वाडवडिलांनी बांधला असं सांगतात. घरातल्या सगळ्यांचा दहावा त्याच तलावाच्या पाळीवर होतो. चंद्रकुमारचाही तिथेच केला. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा काही येईना. पलीकडच्या झाडावर चांगले बसले होते, माना वळवून आमच्याकडे पाहत होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवला, त्याला आवडायचा. चहा ठेवला. भावकीतल्या एकाने हात जोडून म्हटलं, तुझ्या मायले आम्ही पाहू. नाही. ऊन चढत होतं. माझी सासू, कुंदाबाई, इतका वेळ दगडासारखी बसली होती ती एकदम म्हणाली, "वीरू, त्याच्या जीपचं बोल."

वीरेंद्रने पिशवीतून ती काढली. त्याने ती सोबत आणली होती हे मलाही माहीत नव्हतं. तलावात सोडून द्यायचं मनात असेल. सगळी झाली होती, गोंड्यांसकट, फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार नव्हतं. त्याने ती पिंडाजवळ ठेवली आणि म्हणाला, "चंदू, पूरी करून देईन." तोंडातले शब्द संपले नसतील, वरून कावळा उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली. मी डोळ्यांनी पाहिलं. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण पाहिलं ते पाहिलं.

तर, दिलेला शब्द. एक दार लावायचं, बस. जो माणूस ट्रॉलीसकट ट्रॅक्टर महिन्याभरात उभा करतो, त्याला एक दार किती जड? मला वाटलं तेरवीपर्यंत लागेल. दिवाळी गेली, मग मंडईची जत्रा गेली, उन्हाळा आला. जीप त्याच्या टेबलावर तशीच.

आणि चंद्रकुमार येतच राहिला.

तुम्ही हसाल. मीही पहिले हसली होती. सासूबाई सांगायच्या, दुपारी दार वाजलं. मी म्हणायची, आई, शेजाऱ्याची गाडी असेल. मग एका दुपारी मी अंगणाकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती, आणि धाड, धाड. दोनदा. मी उठली, गंजात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आलं ठेचलं, आणि मग मला आठवलं की तो नाही. जीपही नाही, ती तर कधीच डोंगरगडकडच्या माणसाला विकली. तिथेच ओट्याला धरून उभी राहिली. अंगणात जाऊन पाहायची हिंमत झाली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ह्याची तर मेल्यावरही गेली नव्हती.

त्यानंतर मी हसणं बंद केलं. अंगणात जिथे जीप उभी राहायची तिथे ऑइलचा काळा डाग होता. सासूबाई सारवताना तेवढी जागा सोडायच्या. फाटकाची कडी लावू द्यायच्या नाहीत, "त्याले उतरून खोलावं लागते." शेजारची निर्मलाबाई एकदा मला म्हणाली, "तुमच्या घरी माणसं तीन अन् वावरतात चार." मी तिला चांगलं झापलं, पण घरी येताना मीच दोनदा मागे वळून पाहिलं.

सासूबाईंचं एकच म्हणणं. "पिंडाले शबद देल्ला आहे. शबद पुरा होत नाही तोवर तो ना इथला ना तिथला. माझं लेकरू उपाशी फिरून राहिलं. वीरू, मी मराच्या पहिले त्याले मोकळा कर." रोज. जेवताना, झोपताना, देवापुढे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी ऑपरेशनला तयार नाहीत. "पहिले त्याचं दार, मंग माझे डोळे." म्हातारी हट्टाला पेटली की काय असते ते मला विचारा. आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. आईला वाटणारच की पोरगा उन्हातान्हात दारात उभा आहे आणि आत येता येत नाही, जाताही येत नाही.

वीरेंद्र म्हणायचा, करून राहिलो. आणि खरंच संध्याकाळी टेबलावर बसायचा. पण करायचा काय? सीटचं कव्हर फाडून पुन्हा शिवायचा. टायर काढून पुन्हा घासायचा. नंबरप्लेटचा पिवळा रंग त्याने कितीदा खरवडला असेल! मधल्या काळात लोकांच्या गाड्या बनवल्या, गोंदियाच्या भैय्यालाल शेठच्या पहिल्या टेम्पोची नक्कल बनवली, तीही झाली. हीच तेवढी होईना. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

ह्या पावसाळ्याच्या आधी मी त्याचं टेबल आवरायला घेतलं. त्याला चालत नाही, पण वाळवी लागली होती, करता काय. मागे खर्र्याची एक रिकामी डबी होती. उघडली तर कापसात ठेवलेलं दार. आगपेटीएवढं. हँडल, बिजागरी, काच, सगळं लावलेलं. वरच्या कडेला, जिथे चंदू कोपर बाहेर टाकून गाडी चालवायचा, तिथला रंग सुद्धा उडवलेला. त्याच्यावर बारीक धूळ बसली होती. मला असा संताप आला की डबी घेऊन तशीच त्याच्यापुढे गेली. तो नुकताच दुकानातून येऊन पाय धूत होता.

"हे कधीचं तयार आहे जी?"

त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. "झाले बहू दिवस."

"मग लावत काऊन नाही? तिकडे तुमची माय झुरून राहिली, मला घरात एकटीनं राहायची भीती वाटते, साऱ्या गावात आपली चर्चा. आणि हे इथे कापसात घालून ठेवलं? कायले?"

"तुले समजत नाही."

"मग समजवा ना! मी काय लहान पोरगी आहे?"

"लावलं का झालं," तो म्हणाला. "लावलं का तो जाते. आता येते तं खरा. मलेही आयकू येते, पुष्पा. तुले का वाटते, मले येत नाही? दुकानातून येतो तं फाटकापाशी उभा राहतो, कधी वाजते म्हणून. मी त्याले सायकलवर घेऊन फिरलो आहे." आणि मग एकदम ओरडला. हा माणूस, जो माझ्या शिव्याही मान खाली घालून ऐकतो. "मले त्याले धाडाचं नाही!"

भिंतीच्या पलीकडे सासूबाईंची बाज करकरली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई दाराचं नावच काढेनात. मला वाटलं, चला, म्हातारीला पोराचं दुःख समजलं. डबी मी होती तिथे ठेवून दिली. घरात जरा बरं वाटत होतं.

मग एका सकाळी मी चक्कीवर दळण घेऊन गेली. विजेची लाइन गेली होती, तिथे बसावं लागलं. परत आली तर सासूबाई वीरेंद्रच्या टेबलापाशी, त्याच्या खुर्चीवर. एरवी त्या खोलीत पाय ठेवायच्या नाहीत. पुढ्यात फेविक्विकची नळी पिळून चपटी झालेली, आणि त्यांची दोन बोटं जीपला चिकटलेली.

"पुष्पा," त्या म्हणाल्या, "लावलं मी."

मी पिशवी तिथेच टाकली. दार लागलं होतं. उलटं. हँडल आत आणि आतली बाजू बाहेर, आणि खालून तिरपं. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्या बापडीला चाचपून जे जमलं ते केलं होतं. कोमट पाणी आणलं, तेल आणलं, हळूहळू बोटं सोडवली. कातडी निघाली.

"लागलं ना बरोबर?" त्यांनी विचारलं.

"लागलं, आई. एकदम बरोबर."

दुसरं काय सांगणार होती मी?

वीरेंद्र संध्याकाळी आला. मी त्याला फाटकातच गाठून सांगितलं, आणि म्हटलं, मायवर ओरडाल तर माझ्याशी गाठ आहे. तो ओरडला नाही. आत गेला, जीप उचलली, दाराला बोटाने जरासं ढकललं. ते हललं नाही. मग तो खाली फरशीवर बसला, सासूबाईंच्या पायांपाशी, आणि म्हणाला, "जाऊ देल्लं ना माय तू त्याले." आणि रडला. सरणाला आग देताना रडला नव्हता, पाळीवर रडला नव्हता, चार वर्षांत एकदा नाही. आता असा रडला की निर्मलाबाई भिंतीवरून डोकावली. सासूबाई त्याच्या डोक्यावरून ती सोललेली बोटं फिरवत होत्या. "जाऊ दे बापा. उपाशी होतं लेकरू. आता जेवन भेटन त्याले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेण कालवलं आणि अंगण सारवलं, काळ्या डागासकट. फाटकाला कडी घातली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. मी देवापुढे नारळ ठेवला. सुटलो एकदाचे, असंच वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

आणि घर शांत झालं. दुपार यायची, जायची. काही वाजायचं नाही. पहिले दोन-चार दिवस मी ऐटीत होती, बिनधास्त एकटी बसायची. मग मला ते शांतपण खायला उठलं. भांडी उगाच आपटायची. टीव्ही मोठा करून ठेवायची. एकदा तर मीच गंजात चहाचं पाणी ठेवलं, जास्तीच्या कपाचं, आणि वाट पाहत उभी राहिली. पाणी आटून गेलं. भुतं घरात असली की भीती वाटते हे मला ठाऊक होतं. ती निघून गेल्यावर माणूस इतका पोरका होतो हे कोणी सांगितलं नव्हतं. वीरेंद्र टेबलावर बसायचा पण ब्लेड हातात घ्यायचा नाही. नुसता बसायचा.

सासूबाई आम्हा दोघांकडे नुसत्या पाहत राहायच्या. ऑपरेशनचं मी विचारलं तर म्हणाल्या, "आता पाह्याचं काय आहे?" जेवण पुन्हा अर्ध्यावर आलं. एक दिवस पाहते तर फाटकाजवळ उभ्या, कडीवर हात ठेवून, कान रस्त्याकडे. ऊन डोक्यावर, पायात चप्पल नाही. मी हाक मारली तर दचकल्या आणि म्हणाल्या, "कुत्रं हाकलून राहिली." कुत्रं कुठेच नव्हतं.

मागच्या रविवारी दुकान बंद होतं. दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. भात, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. सासूबाईंनी घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला.

"वीरू," त्या म्हणाल्या, "ते दार काढता येते का रे?"

वीरेंद्र जेवायचा थांबला. माझ्याही हातातला घास हातातच राहिला.

"फेविक्विक होय, माय," तो म्हणाला. "काढाले गेलो तं अख्खी बाजू तुटते. जीपच तुटते."

"तं तोड ना." त्या रडत होत्या, भाताच्या हातानेच डोळे पुसत होत्या. "तोड ना रे बापा. मले नाही समजलं. चार साल तो येत होता, मी त्याले हाकललं. तू नवी सुरू कर. अन् पूरी नको करू, कोनी कितीही म्हटलं तरी. मी म्हटलं तरी."

वीरेंद्रने माझ्याकडे पाहिलं. एरवी मी दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. पाळीवरचा कावळा, दिलेला शब्द, गावातली चर्चा, सगळं माझ्या जिभेवर होतं. मी हात धुतला, उठली, टेबलावरून त्याचं ब्लेड आणलं आणि त्याच्या हातात दिलं.